सकाळची दिल्ली

पहाटे ३.३०

कंट्रोल रूममधल्या घड्याळात आत्ता रात्रीचे दहा वाजलेत आणि तारीख अजून कालचीच आहे. विमानांचं सगळं काम यूटीसीवर चालतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे साडेपाचला स्क्रीनवरची तारीख बदलेल, तेव्हा ‘सकाळची दिल्ली’ सुटायला तासभर उरलेला असेल. मुंबईहून साडेसहाला निघणाऱ्या दिल्ली फ्लाइटला आमच्याकडे सगळे याच नावाने ओळखतात.

मी डिस्पॅचर आहे. विमान कोणत्या वाटेने आणि किती उंचीवरून जाणार, किती वेळ घेणार, त्यासाठी इंधन किती भरायचं आणि ठरल्या जागी उतरता आलं नाही तर कुठे जायचं, हे विमान सुटण्याआधी ठरवायचं काम माझं. त्यासाठी डीजीसीएची मान्यता लागते, कारण फ्लाइट सोडण्याची जबाबदारी कॅप्टनच्या जोडीने डिस्पॅचरवरही असते. कागदाच्या तळाशी दोघांची नावं असतात.

रात्रपाळीचा सहकारी हँडओव्हर देताना खुर्चीतून उठतसुद्धा नाही, नुसती स्क्रीन माझ्याकडे वळवतो. “मॅडम, दिल्ली झाकली.”

जानेवारी चालू आहे. हे अपेक्षितच होतं.

३.५०

दिल्लीचा मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, दर अर्ध्या तासाने येतो. ताज्या मेटारमध्ये तापमान ७ अंश आणि दवबिंदूही ७ अंश. वारा नाही. धावपट्टीवरची दृश्यता १०० मीटर. या तीन गोष्टी एका ओळीत दिसल्या की पुढचं वाचायची गरज नसते.

दिवसा ऊन पडलेलं, रात्री आकाश निरभ्र, गंगा-यमुनेच्या मैदानातली ओली शेतं, वाऱ्याचा पत्ता नाही आणि हवेत धुरळा. जमीन रात्रभर उष्णता सोडत जाते आणि तिला लागून असलेली हवा गार होऊन तिच्यातल्या बाष्पाचं धुकं होतं. हे धुकं साधारण मध्यरात्रीनंतर धरतं, सूर्योदयाच्या आसपास सगळ्यांत दाट होतं आणि नऊ-दहापर्यंत उचलतं. ते नक्की केव्हा उचलेल याच्या अंदाजावर माझी सकाळ चालते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून थेट दिल्ली विमानतळावर उपकरणं लावून या धुक्याचा अभ्यास सुरू केला. पाषाणच्या रस्त्यावरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की दिल्लीचं धुकं समजून घेण्याचं काम त्या आवारातून चालतं. धावपट्टीशेजारी दृश्यता मोजणारं ‘दृष्टी’ हे यंत्रही भारतातलंच, बेंगळुरूच्या एनएएलने हवामान खात्याच्या जोडीने केलेलं. शंभर मीटर हा आकडा मला तशाच यंत्रांकडून मिळतो.

शंभर मीटरमध्ये उतरता येतं. ‘कॅट थ्री बी’ पद्धतीत ५० मीटरपर्यंत मुभा आहे, पण त्यासाठी धावपट्टी, विमान आणि दोन्ही वैमानिक, तिघांचीही पात्रता पूर्ण असावी लागते. म्हणून दहा डिसेंबर ते दहा फेब्रुवारी या काळात दिल्लीसाठी क्रू निवडून लावतात. आज कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर दोघेही पात्र. विमानात त्या यंत्रणेचा एकही दोष नोंदलेला नाही. पहिली खूण केली.

४.२०

आता अंतर. घरी कुणी विचारलं तर मी सांगते, सरळ रेषेत ११४० किलोमीटर. आमच्या भाषेत ६१५ नॉटिकल मैल. नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, जवळपास पृथ्वीच्या अक्षांशाचा एक साठांश भाग, त्यामुळे नकाशावर हिशेब सोपा जातो. मुंबई १९ अंशांच्या किंचित वर, दिल्ली साडेअठ्ठावीसच्या वर. म्हणजे उत्तरेकडे सुमारे ५७० मैल चढायचं आणि पूर्वेकडे २३० मैल सरकायचं.

नकाशावर या दोन विमानतळांमध्ये दोरा ताणला, तर तो नवापूरवरून जातो, जिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. पुढे झाबुआ, मग मंदसौरवरून, मग जयपूरला डावीकडे ठेवत दौसा आणि दिल्ली. मला हा दोरा फार आवडतो. खिडकीजवळ बसलेल्या माणसाला खालचा डोंगर कुठला, नदी कुठली हे कळावं, असं नेहमी वाटतं.

विमान मात्र दोऱ्यावरून जात नाही. मुंबईहून उडताना बहुतेक वेळा ते पश्चिमेला, पार्ल्याच्या छपरांवरून समुद्राकडे झेपावतं आणि मग उजवीकडे वळतं. दिल्लीत उतरताना रांगेत जागा मिळण्यासाठी वळसा पडतो. मधल्या वाटेला हवाई मार्ग ठरलेले आहेत आणि लष्कराची राखीव हवाई क्षेत्रं टाळावी लागतात. आजच्या प्लॅनमध्ये ६५५ मैल भरले. मुंबई सेंट्रलहून सुरत, बडोदा, रतलाम, कोटा करत जाणारी राजधानी हेच गाठायला १३८५ किलोमीटर धावते. १९७२ पासून ती धावते आहे आणि आजही तिला पंधरा तासांच्या वर लागतात.

४.४०

वाऱ्याचा तक्ता उघडला की मी जरा सावकाश होते. इथे घाई करून चालत नाही आणि मला करायचीही नसते.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम. आज पस्तीस हजार फुटांवर मुंबईजवळ तो ४० नॉट, म्हणजे ताशी ४० नॉटिकल मैल आहे आणि दिल्लीकडे ११०. वाटेतली सरासरी ७५ धरू. आमची वाट उत्तरेपासून फक्त २२ अंश पूर्वेला कललेली, म्हणजे वारा बराचसा बाजूने लागतो. हिशेब मांडला की ७५ पैकी २८ नॉट मागून ढकलतात आणि ७० नॉट बाजूने लोटतात. बाजूचा वारा फुकट जात नाही. विमानाला नाक वाऱ्याकडे थोडं वळवून चालावं लागतं आणि त्यात वेग खर्च होतो. हवेतला ४५० नॉटचा वेग वाटेवर ४४५ भरतो. त्यात मागचे २८ मिळवले की ४७३.

परतीला तेच २८ वजा होतात. ४१७.

सरळ ६१५ मैल पहिल्यापासून शेवटपर्यंत याच वेगाने कापले असं धरलं, तर जाताना ७८ मिनिटं आणि येताना ८९. शहरं तीच, विमान तेच आणि अकरा मिनिटांचा फरक. उन्हाळ्यानंतर जेट स्ट्रीम हिमालयाच्या उत्तरेला सरकला की हा फरक जवळपास पुसला जातो. ‘मुंबई ते दिल्ली किती वेळ’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर मागणाऱ्या प्रत्येकाला मला हा तक्ता दाखवावासा वाटतो.

चढणं, उतरणं, वळसे धरून आजची हवेतली वेळ निघाली १ तास ४० मिनिटं. उंची पस्तीस हजार. पूर्वेच्या अंगाला जाणाऱ्यांना विषम हजार, पश्चिमेच्या अंगाला जाणाऱ्यांना सम. समोरासमोरच्या विमानांमध्ये हजार फूट राहतात ते या साध्या नियमामुळे.

५.००

इंधन. प्रवासाला ४.३ टन. टॅक्सीला, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जायला, २०० किलो. अंदाज चुकला तर प्रवासाच्या पाच टक्के, म्हणजे आणखी २०० किलोच्या आसपास. शेवटचे राखीव १.१ टन, अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके. त्याला हात लावायची वेळ येऊ नये अशीच सगळी आखणी असते, ते विमान उतरलं तरी टाकीत असायला हवं.

राहिला अल्टरनेट, म्हणजे पर्यायी विमानतळ. दिल्लीला जवळचं जयपूर, हवेतून २३० किलोमीटर. पण अशा सकाळी दिल्लीची सगळी वळवलेली विमानं जयपूरच गाठतात आणि तिथे उभं करायला जागा उरत नाही. लखनौ, अमृतसर, चंदीगड आज त्याच धुक्यात आहेत. मी अहमदाबाद घेते. साडेसातशे किलोमीटर मागे यायचं म्हणजे २.८ टन. महाग पडतं, पण अहमदाबादचं आकाश स्वच्छ आहे आणि तिथे जागा मिळेल याची मी फोन करून खात्री केली आहे. उतरायला जागा नसलेला अल्टरनेट कागदावर असून काय उपयोग?

अहमदाबाद लिहिताना मला हमखास जे. आर. डी. टाटा आठवतात. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून टपाल घेऊन एकटे निघाले, छोट्या पस मॉथ विमानातून, आणि जुहूला उतरले. मधला थांबा अहमदाबादचा होता. तिथे त्यांच्यासाठी इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. आज आमचं विमान मुंबईहून उडतं तेव्हा जुहूची ती धावपट्टी अगदी जवळून जाते. इंधन कुठे मिळेल आणि कुठे उतरता येईल, हे दोन प्रश्न तेव्हाही पहिले होते.

याच्यावर मी आणखी १.१ टन घालते. दिल्लीत अर्धा तास हवेत थांबावं लागणार, याची मला खात्री वाटते. जादा इंधनालाही इंधन लागतं, वाहिलेल्या वजनाच्या तीनेक टक्के दर तासाला जळून जातं. राजगड चढताना पाण्याची बाटली जड वाटते, पण माथ्यावर पोचल्यावर कुणी तिचं वजन काढत नाही. एकूण ९.७ टन.

५.३५

तारीख बदलली. कॅप्टनचा फोन.

“नमस्कार मॅडम, दिल्ली काय म्हणतेय?”

“शंभर मीटर, सर. साडेआठपर्यंत फारसा फरक पडेल असं वाटत नाही. अर्ध्या तासाचं होल्डिंग दिलंय, अल्टरनेट अहमदाबाद.”

ते दोन मिनिटं टॅबलेटवर वाचतात. “अजून तीनशे किलो द्या. दहाला गोल करू.”

मी दहा टन करते. का, ते विचारत नाही. कॅप्टनने धुक्याच्या सकाळी तीनशे किलो जास्त मागितले तर ते कारण त्यांच्या अनुभवात आहे आणि आमच्या खोलीत त्या अनुभवाला मान आहे. जिथे इंधनासाठी वैमानिकाला खुलासे द्यावे लागतात, तिथे मला काम करायचं नाही.

६.१०

दिल्लीतल्या फ्लो मॅनेजमेंट केंद्राकडून सीटीओटी आला, म्हणजे उडण्याची नेमून दिलेली वेळ. ६.५८. दिल्लीत एका तासात जेवढी विमानं उतरू शकतात तेवढीच तिकडे पाठवायची आणि बाकीच्यांनी आपापल्या गावी जमिनीवर थांबायचं. आकाशात जळणाऱ्या इंधनापेक्षा जमिनीवरची वाट केव्हाही बरी. गेटवर कळवलं, केबिन क्रूला कळवलं. प्रवाशांना खरं कारण सांगा, एवढं मी दरवेळी बजावते.

६.५८

सुटली. दाराशी ६.३८ ला पुशबॅक, मग वीस मिनिटं रांग. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात. तेवढ्या एका धावपट्टीवर तासाला चव्वेचाळीस-सेहेचाळीस विमानांची ये-जा आणि दिवसाला हजाराचा आकडाही ओलांडलेला. इथल्या टॉवरमध्ये बसणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे.

मधल्या तासात चेन्नई, कोची, नागपूर. त्यांत सांगण्यासारखं काही नाही. सगळीकडे स्वच्छ ऊन. चहा याच वेळात होतो.

८.१५

विमान दौशाच्या अलीकडे आहे आणि दिल्लीची दृश्यता १५० मीटर. उतरता येतंय, पण सावकाश. धुक्यात विमानांमधलं अंतर वाढवतात, कारण पुढचं विमान धावपट्टी सोडून पुरतं बाजूला झाल्याशिवाय मागच्याला उतरवणारे रेडिओ संकेत शुद्ध राहत नाहीत. अंतर वाढलं की रांग वाढते. कॅप्टनचा मजकूर छापून आला: होल्डिंग, अंदाजे वीस मिनिटं.

ट्रॅकिंगच्या पडद्यावर विमानाची खूण आता लांबट गोल काढू लागते. सरळ, वळण, सरळ, वळण, एक फेरी चार-पाच मिनिटांची. विमानातल्या माणसाला त्या वेळी काय वाटत असेल, ते मला कळतं. खाली पांढरं, वर ऊन, पुन्हा तोच सूर्य त्याच खिडकीत. कुणाची मुलाखत असेल, कुणाचा दवाखाना. मी त्यांना इथून एवढंच सांगू शकले असते की या वीस मिनिटांचं इंधन पहाटे पाच वाजता मोजून भरलेलं आहे आणि अहमदाबादला जाण्याचं त्याच्याखाली वेगळं राखलेलं आहे.

मी अहमदाबादचं हवामान पुन्हा पाहते. जागा अजून आहे का, पुन्हा विचारते. टाकीत ३.९ टन उरले की तिकडे वळायचं, हा आकडा मी आणि कॅप्टन दोघांच्याही समोर लिहिलेला आहे. तोवर थांबता येतं, त्याच्याखाली एक मिनिटही नाही.

९.०२

उतरली. टाकीत ४.७ टन.

खोलीत कुणी टाळ्या वगैरे वाजवत नाही. मी पुढच्या ओळीवर जाते, कारण धुक्यात टॅक्सी करणंही सोपं नसतं आणि दिल्लीचा विमानतळ मोठा. चाकांना चॉक्स, म्हणजे अडसर, लागले ९.२४ ला. वेळापत्रकात ८.४५ होतं. एकोणचाळीस मिनिटं उशीर.

तिकिटावर लिहिलेले सव्वादोन तास हे दाराशी चॉक्स काढल्यापासून दाराशी चॉक्स लागेपर्यंतचे. त्यातले हवेतले पावणेदोन तासही नाहीत. बाकीची मिनिटं मुंबईच्या रांगेची, दिल्लीच्या टॅक्सीची आणि थोडी वाऱ्याच्या लहरीची. ‘पूर्वी दोन तासांत जायचं, आता मुद्दाम वेळ वाढवून लिहितात’, असं लोक म्हणतात. मला ती वाढवलेली मिनिटं प्रामाणिक वाटतात. पुढची ट्रेन, पुढची फ्लाइट, घ्यायला येणारा भाऊ हे सगळं त्या आकड्यावर ठरतं. जो आकडा दहापैकी आठ दिवस खोटा ठरेल तो छापण्यात कुणाचं भलं आहे?

१०.१२

तेच विमान परत निघालं, अडतीस मिनिटं उशिरा. उंची छत्तीस हजार, समोरून वारा, हवेत १ तास ५० मिनिटं. धुकं पावणेदहाला उचललं. टेकऑफला साधारण १२५ मीटर दृश्यता लागते, ती आता हजारात आहे.

११.३०

शेजारच्या टेबलावर युरोपच्या फ्लाइट्स असतात. तिथलं काम पाहिलं की माझं टेबल शांत वाटतं. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, तेव्हा मुंबईहून पश्चिमेला जाणाऱ्यांना अरबी समुद्रावरून ओमानकडे वळणं तुलनेने सोपं गेलं. दिल्लीकरांना मात्र आधी खाली दक्षिणेला यावं लागलं आणि मग पश्चिमेला. नकाशावर दिल्ली आणि लंडन होते तिथेच राहिले, पण वैमानिकांचे ड्युटीचे तास, टाकीतलं इंधन आणि त्यामुळे नेता येणारं सामान, सगळं नव्याने मांडावं लागलं. या टेबलावरची माणसं ते काम किती मुकाट करतात, हे मी जवळून पाहिलं आहे आणि ते कुठेतरी लिहिलं जावं असं मला वाटतं.

१२.४०

दुपारपाळीला हँडओव्हर. सकाळचे सगळे फ्लाइट प्लॅन, हवामान, इंधनाच्या पावत्या एका फाइलमध्ये. किमान तीन महिने जपायच्या.

त्याआधी एक तक्ता भरते. तो कुणी मागत नाही, पण वेळापत्रक ठरवणारी मंडळी तो वाचतात. प्लॅनमधली वेळ, प्रत्यक्ष वेळ, होल्डिंग, टॅक्सी. डिसेंबरपासूनच्या ओळी खालपासून वरपर्यंत पाहिल्या की सकाळी साडेसहाची दिल्ली आणि दुपारी अडीचची दिल्ली ही दोन वेगळी अंतरं आहेत, हे स्पष्ट दिसतं. पुढच्या हिवाळी वेळापत्रकासाठी मी सकाळच्या दिल्लीला दहा मिनिटं जास्त मागितली आहेत, फक्त डिसेंबर आणि जानेवारीपुरती. दुपारची आहे तशीच ठेवा, असंही लिहिलं आहे.